धाकटीच्या उष्टावणाआधी

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. थोरल्याला सीलिअ‍ॅक झाला तो तू त्याला काही भलतंसलतं भरवलंस म्हणून नाही. अंगावरचं दूध आठव्या महिन्यात सुटलं म्हणून नाही, बाळंतपणात तू गव्हाची खीर खाल्लीस म्हणून नाही, आणि पहिला घास अमावास्येला दिला म्हणून तर मुळीच नाही, विहीणबाई काहीही म्हणोत. आता धाकटीला सहावा सरत आलाय, उष्टावण तोंडावर आलंय, आणि रोज फोनवर तेच चाललंय तुझं. गहू कधी द्यायचा, द्यायचा की नाही, उशिरा दिला तर टळेल का, लवकर दिला तर टळेल का. एकदा सगळं लिहूनच देते, म्हणजे डहाणूकर कॉलनीतून भुसारी कॉलनीपर्यंत मला उठसूट रिक्षा करायला नको.

मुलांच्या वॉर्डात नोकरी करण्यात माझी उभी हयात गेली, म्हणून सगळं गणगोत मला विचारतं. पण मी डॉक्टर नाही. जिथे ‘डॉक्टरांना विचार’ असं लिहीन तिथे खरंच डॉक्टरांना विचार, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

गहू, जव आणि आपल्याकडे फारशी न दिसणारी राय, या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्याचमुळे. काही माणसांच्या शरीराला ते वैरी वाटतं, आणि त्याच्याशी लढता लढता शरीर आपल्याच लहान आतड्याचं नुकसान करून बसतं. अन्न शोषून घेणारी आतली मखमलीसारखी लव सपाट होते. मग पोरानं कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. हाच सीलिअ‍ॅक. याला गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणू नकोस. अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, तासा-दोन तासांत समजतं. हा आजार महिनोन्‌महिने मुक्कामाला असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

त्याला लागणारी जनुकं, डीक्यू2 आणि डीक्यू8, शंभरातल्या तीस-चाळीस जणांत असतात. आजार होतो तो त्यांतल्या अगदी थोड्यांना. सख्ख्या भावाला असला की बहिणीचा धोका वाढतो, साधारण दहात एक. हा आकडा ऐकून तुझी झोप उडाली, पण दहातली नऊ भावंडं सुटतात हे त्याच वाक्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी शेजारीच बसले होते.

आता ‘कधी’चं. हा घोळ का झाला ते कळायला स्वीडनपर्यंत जावं लागतं. 1980च्या दशकाच्या मध्यावर तिथे दोन वर्षांच्या आतल्या मुलांत हा आजार एकाएकी चौपट झाला, आणि दहाएक वर्षांनी तितक्याच झटक्यात उतरला. त्या काळात तिथे असा सल्ला निघाला होता की गहू चौथ्याऐवजी सहाव्या महिन्यानंतर द्या. बाजारच्या बाळअन्नात गव्हाचं प्रमाणही वाढलं होतं, आणि पुष्कळ आयांचं अंगावर पाजणं तोवर थांबलेलं असायचं. दूध तुटायचं आणि गहू एकदम वाडगाभर यायचा. त्यावरून तज्ज्ञांनी अनुमान काढलं की अंगावर दूध चालू असतानाच गव्हाची ओळख करून द्यावी. 2008 साली युरोपातल्या मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांच्या संस्थेनं तसं लेखी सांगितलं: चौथ्या महिन्याआधी नको, सातव्याच्या पुढे ढकलू नका, आणि दूध चालू असताना थोडा थोडा द्या. वॉर्डातले मोठे डॉक्टरही तेच सांगायचे. थोरल्याच्या वेळी तुला कुणी ‘सातवा चुकवू नकोस’ म्हणालं असेल ते त्याच सल्ल्याचं शेपूट.

मग 2014 साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. एका चाचणीत आठ देशांतली 944 बाळं होती, सगळी घरात कुणाला तरी हा आजार असलेली आणि ती जनुकं अंगात असलेली. पहिल्या बाबतीत तरी तुझ्या धाकटीसारखी. अर्ध्यांना चौथ्या महिन्यापासून रोज 100 मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच, ग्लूटेन नसलेली पूड. तिसऱ्या वर्षी पाहिलं तर काही फरक नाही. दुसरी चाचणी इटलीतली. तिथे काहींना गहू सहाव्या महिन्यात दिला, काहींना बाराव्यात. दुसऱ्या वर्षी लवकर खाणाऱ्यांत 12 टक्के आजारी निघाले, उशिरा खाणाऱ्यांत 5. इथेच थांबलं तर कुठलीही आई गव्हाचा डबा माळ्यावर टाकेल. पण पाचव्या वर्षी दोन्हीकडे 16 टक्के झाले होते. उशिरा दिला की आजार उशिरा आला, टळला नाही. आणि कुणी किती महिने अंगावर पाजलं यानंही फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाच. अंगावरचं दूध हवंच, ते जुलाब-न्यूमोनियापासून बाळाला राखतं. पण ते सीलिअ‍ॅकवरचं कवच नाही. म्हणून आठव्या महिन्याचा जो हिशेब तू घालत बसतेस तो बंद कर.

‘किती’चा प्रश्न मात्र पूर्ण निकालात निघालेला नाही. स्वीडनमधली त्या काळात, 1993 साली जन्मलेली मुलं बारा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा शंभरात जवळजवळ तीन जणांना आजार निघाला, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश मुलांच्या घरी त्याची गंधवार्ता नव्हती. खाण्याची पद्धत बदलल्यावर, 1997 साली जन्मलेल्यांत तोच आकडा 2.2 होता. मधुमेहासाठी म्हणून अमेरिका आणि युरोपातली हजारो मुलं जन्मापासून पाहिली जातात, त्यातही 2019 साली दिसलं की पहिल्या पाच वर्षांत ज्यांच्या पोटात ग्लूटेन जास्त जातं त्यांच्यात हा आजार थोडा जास्त आढळतो. त्याआधीच, 2016 साली, त्याच युरोपीय संस्थेनं आपला जुना सल्ला बदलला तो असा: चार ते बारा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरू करा, फक्त सुरुवातीच्या आठवड्यांत आणि पहिल्या वर्षात ढीग घालू नका. आपल्याकडे पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगतात, ते सोडून चौथ्या महिन्याची घाई करण्याचं कारण नाही.

ढीग न घालणं आपल्या स्वयंपाकघराला जड नाही. तुझी आजी बार्शीकडची. तिच्या माहेरी पोळी सणाला, एरवी ज्वारीची भाकरी. पुढे अमेरिकेचा गहू रेशनवर आला, 72च्या दुष्काळात लाल मिलो आली, सुकडी आली, मग पंजाबचा गहू मुबलक झाला आणि भाकरी थापणाऱ्या बायका शहरात येऊन पोळ्या लाटायला लागल्या. आज कोथरूडच्या फ्लॅटमधे दोन्ही वेळा पोळी, सकाळी ब्रेड, चारला बिस्किट, रविवारी पास्ता. आपल्या देशात तेवीस हजारांवर मोठ्या माणसांची पाहणी झाली, 2016 साली छापून आली. उत्तरेत रक्तात या आजाराची प्रतिद्रव्यं सापडण्याचं प्रमाण शंभरात सव्वा, दक्षिणेत हजारात एक. जनुकं मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच, तिघांत एकाला. झालं, गव्हाचाच दोष, असं म्हणायला जीभ शिवशिवते. पण त्याच पाहणीत ईशान्येकडच्या भातखाऊ लोकांत आकडा 0.87 निघाला, उत्तरेच्या जवळ. तेव्हा नुसत्या गव्हावर खापर फोडून भागत नाही. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. आपलं ताट दोन्हींच्या मधलं, आणि झपाट्यानं उत्तरेकडे सरकणारं.

उष्टावणाला तांदळाचीच खीर कर. मामा सोन्याच्या अंगठीनं ओठाला लावेल तेवढीच तिला. बाकीची आपण खाऊ. मध चाटवायला कुणी पुढं आलं तर सरळ हात धर, वर्षाच्या आत मध नाही. गुटी, सहाणेवर उगाळलेलं काहीबाही, तेही नको.

दुसऱ्या दिवसापासून खरं जेवण. मऊ भात आणि मुगाचं वरण एकत्र घोटून, वर अर्धा चमचा तूप. आपल्याकडे बाळाला वरणाचं वरचं पाणी देतात आणि खालची डाळ मोठी माणसं जेवतात, हे उलटं आहे. खालचं घट्ट वरण तिचं. चमचा तिरपा केला तर घास घसरत पडावा, ओघळू नये, इतपत दाट. सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. मग वाढवत वाटीभर. दोन-तीन दिवसांनी एक नवा पदार्थ, म्हणजे काही सोसलं नाही तर कशानं ते समजतं. भोपळा, गाजर, केळं, उकडलेलं अंडं, सगळं येऊ दे. डॉक्टर लोहाचे थेंब देतील ते चुकवू नकोस.

नाचणीचं सत्त्व घरीच कर. नाचणी निवडून, तीनचार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजव, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांध. मोड आले की सावलीत खडखडीत वाळव, मंद आचेवर जरा भाज, मिक्सरवर बारीक कर आणि वस्त्रगाळ कर. निवडताना नीट बघ. सुट्या नाचणीत गव्हाचा दाणा सापडतो, मी स्वतः काढलेत. बाजारातलं तयार सत्त्व घेतलंस तर पुडक्यावरची घटकांची यादी वाच, काहींत गहू मिसळलेला असतो. डब्यातली परदेशी थाटाची बाळअन्नं बरीचशी गव्हाचीच असतात. 1992च्या कायद्यानं त्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे, ती उगाच घातलेली नाही.

आणि चहात बुडवलेलं बिस्किट. पुण्यात हा बाळाचा पहिला गहू असतो, आणि तो आजोबा देतात. मांडीवर नात, हातात कपबशी, आणि ‘एवढ्यानं काय होतंय’. मैदा, साखर आणि चहा एका घासात. बिस्किटानं सीलिअ‍ॅक होतो असं नाही, पण गव्हाची सुरुवात कुणी, कधी, किती केली याची नोंदच राहत नाही. तुझ्या घरी तर नोंद हवीच.

आता तुझ्या घरचा खरा पेच, ज्याबद्दल कुणी तुला नीट सांगितलं नाही. थोरल्यासाठी तू घरातून गहू हद्दपार केलास. चांगलं केलंस. पण मग धाकटीला गहू मिळणार कुठून? ‘न दिलेलाच बरा’ असं जावईबापू म्हणतात. त्यात फसगत अशी की गहू पोटात गेलाच नाही तर रक्ताच्या तपासणीत काही दिसणार नाही. रिपोर्ट चांगला आला तरी त्याला काडीची किंमत नाही. पुढे शाळेत, पंगतीत, हॉस्टेलवर ती गहू खाणारच. तेव्हा लागलं तर लक्ष ठेवायला तू जवळ नसशील. माझ्या मते तुझ्या डोळ्यांदेखत, थोडा, बेतानं दिलेला बरा. तरी तुझ्या डॉक्टरांशी बोलून मगच. त्यांना आधी हेही विचार की तिची जनुकांची तपासणी करायची का. ती आयुष्यात एकदाच लागते, आणि डीक्यू2-डीक्यू8 दोन्ही नसतील तर हा आजार तिला जवळजवळ होतच नाही. सगळी चिंता तिथेच संपते.

द्यायचा ठरला तर असा दे. एका मध्यम पोळीत ग्लूटेन दोन-अडीच ग्रॅम धर. थोरल्यासारखा आजार असलेल्या मोठ्या माणसांच्या आतड्याला रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी तीन महिन्यांत इजा होते, हे चाचणीत दिसलेलं आहे. म्हणजे पोळीचा चाळीस-पन्नासावा भाग. ताटाखाली सांडलेला तुकडा. म्हणून घरात कणीक मळायची नाही, लाटायची नाही. कोरडं पीठ उडतं आणि ओट्यावर, चाळणीवर, शेजारच्या भांड्यावर बसतं. त्याऐवजी बारीक रवा किंवा दलिया, पाण्यात शिजवून केलेला. त्याचं एक लहान पातेलं, एक वाटी, एक चमचा वेगळा ठेव, आणि पातेल्याच्या कानाला नि चमच्याला लाल दोरा बांध. वॉर्डात आम्ही अशाच खुणा करत असू. रात्रपाळीच्या बाईला वाचायला वेळ नसतो, दोरा दिसतो. रव्याचा डबा सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे सांडला तर जमिनीवर सांडेल. थोरला शाळेत गेला की धाकटीला भरव, तिचं तोंड, हात, खुर्ची ओल्या फडक्यानं पूस, ते फडकं वेगळं, आणि आपले हात साबणानं धू. सॅनिटायझरनं ग्लूटेन जात नाही.

सातवा महिना संपता संपता, भात-वरण-नाचणी छान खायला लागली की त्याच रव्याची दोन चमचे पातळ खीर, आठवड्यातून दोन-तीनदा. महिन्या-दीड महिन्यानं थोडी जास्त. तिचं मुख्य धान्य भात, नाचणी, ज्वारीच राहू दे. भाकरीचा पापुद्रा वरणात कुस्करला की मुलं किती आवडीनं खातात ते बघ. तू स्वतः पोळी सोडू नकोस मात्र. बाहेर, ऑफिसात, माझ्याकडे येऊन खा. दुधातून उतरणारा अंश नगण्य असतो, आणि पाजणाऱ्या बाईनं उपाशी राहून कुणाचं भलं होत नाही.

गिरणीचं एक सांगते, कारण यात शिकलीसवरलेली माणसंही फसतात. परवा गावठाणातल्या गिरणीत मी तासभर उभी राहून बघत होते. सकाळपासून गव्हाचे डबे चाललेले. एका बाईनं ज्वारीचा डबा पुढं केला. गिरणीवाल्यानं वर ज्वारी ओतली, खाली पीठ पडतं त्या कापडी नळीला दोन टपल्या मारल्या, आणि आधीच्या गव्हाचं नळीत राहिलेलं पीठ भसकन तिच्या डब्यात गेलं. वर पाळूत राहिलेलं वेगळंच. भल्या माणसानं तर वजन भरून निघावं म्हणून ओंजळभर पीठ टाकलंन आणखी. त्याची लबाडी नाही त्यात, सगळ्यांना तो तसंच करतो. म्हणून थोरल्याचं दळण गिरणीत कधीच नाही. घरघंटी घेतलीस ना, तिच्यात फक्त ज्वारी, तांदूळ, नाचणी, बाजरी. शेजारणीनं ‘किलोभर गहू काढून घेऊ का गं’ म्हटलं तर गोड बोलून नाही म्हण. पैसे आठवले की जीव हळहळेल, पण एका दळणानं ती घरघंटी तुझ्या कामाची राहणार नाही.

थोरल्याचा रक्तातला आकडा कित्येक महिने उतरत नव्हता, आठवतंय? पोळी बंद, ब्रेड बंद, तरी उतरेना. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी फळीवरची एकेक बरणी खाली काढायला लावली. निघालं मेतकूट. विहीणबाई प्रेमानं करून पाठवत होत्या, आणि मेतकुटात हरभरा डाळ, उडीद, तांदळाबरोबर मूठभर गहू असतोच; त्यांचं काही चुकलं नव्हतं, पाककृतीच तशी. मऊ भात, मेतकूट, तूप हे आजारी माणसाचं जेवण म्हणून पोराला दोन्ही वेळा तेच. आता विहीणबाई बिनगव्हाचं करतात, आणि बरं लागतं. धाकटीला घरातल्याच बरण्यांतून भरवणार आहेस, म्हणून लक्षात ठेव. बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाच. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सातूचं पीठ गव्हाचं असो की जवाचं, दोन्ही वर्ज्य. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, आणि गव्हाचं सत्त्व हलकं असतं म्हणून कुणी बाळाला द्यायला आणलं तर ते गहूच आहे. ओट्सवर ‘ग्लूटेन फ्री’ छापलेलं नसेल तर घेऊ नकोस. आपल्याकडे ते शब्द छापायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असून चालत नाही.

उलट उपासाचं सगळं चालतं. वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. फक्त दळण घरचं. उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, अनारसे, बेसनाचा लाडू. थोरला नशीबवान म्हणायचा, कोकणातल्या आजोळी त्याला पानावर फारसं काही सोडावं लागत नाही. अडतं ते सत्यनारायणाला. प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नाही ही आपली शिकवण. त्याला केळं दे, त्यावर तुळशीचं पान ठेव, आणि गुरुजींना आधी कानात सांगून ठेव. गुरुजी समजून घेतात, चुलतसासवा घेत नाहीत. त्या ‘चिमूटभर’ म्हणतील. चिमटीत किती मिलिग्रॅम हे त्यांना समजावत बसू नकोस, पोराला घेऊन गॅलरीत जा.

धाकटीकडे बघत राहा, पण रोज पोट दाबून बघू नकोस. गहू सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, बहुतेक सव्वा-दीड वर्षाच्या सुमाराला, ही लक्षणं दिसू लागतात. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काटक्या. शी पुष्कळ, पांढुरकी, वास मारणारी. वजन महिनोन्‌महिने तिथेच. हसरं मूल किरकिरं होतं. कुणाला जुलाबच होत नाहीत, बद्धकोष्ठ होतं. कुणाची नुसती उंची खुंटते. कुणाचं रक्त लोहाची औषधं देऊनही वाढत नाही. आणि या प्रत्येकावर घरात उत्तर तयार असतं: दात येतायत, दृष्ट लागली, जंत झालेत, अंगकाठीच बारीक, बापावर गेलीय. थोरल्याला एका ठिकाणी वर्षभर जंताचं आणि लोहाचं औषध चालू होतं, आठवून बघ. म्हणून अंगणवाडीत असतो तसा वजन-उंचीचा आलेख घरात कपाटाच्या दाराला आतून लाव आणि दर महिन्याला एक टिंब दे. पोट किती फुगलं यावर दोन बायकांची दोन मतं होतात. टिंबांची रेघ आडवी झाली की कुणाला विचारायला लागत नाही.

शंका आली तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे तपासणीआधी गहू बंद करून बघणं. आया हे हमखास करतात. मूल सुधारतं, सगळ्यांना आनंद होतो, आणि नंतर रक्तातला टीटीजी आकडा उतरलेला, दुर्बिणीनं घेतलेला आतड्याचा तुकडाही बरा दिसतो. मग जन्मभराचं पथ्य खरं की खोटं हे ठरवायला त्या पोराला पुन्हा कित्येक आठवडे गहू चारावा लागतो. वॉर्डात अशी मुलं पाहिलीत मी, बरी झालेली आणि पुन्हा मुद्दाम आजारी पाडायची वेळ आलेली. आधी रक्त, मग पथ्य. रक्त देताना ‘टोटल आयजीए’ पण सांगितलंय का ते चिठ्ठीवर बघ. काही मुलांत तेच कमी असतं आणि मग टीटीजीचा आकडा फसवा येतो.

शंका नसली तरी भावाला आहे म्हणून तिची तपासणी व्हायचीच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, गहू नेमानं खात असताना, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी अधूनमधून. एकदा चांगली आली म्हणून फाइल माळ्यावर टाकू नकोस. जावईबापूंचं आणि तुझंही रक्त अजून तपासलेलं नाही. थोरल्याच्या वेळीच सांगितलं होतं, तुम्ही दोघं ‘आम्हाला काय होतंय’ म्हणून उठून आलात. जावईबापूंचं हिमोग्लोबिन दरवर्षी ऑफिसच्या तपासणीत कमी येतं ना? मग या महिन्यात दोघांचं एकदम देऊन टाका, धाकटीला मी सांभाळते.

उष्टावण शुक्रवारी धरलंय. गुरुवारी आपल्याकडे लाइट जाते, तेव्हा नाचणी रविवारी भिजव आणि मिक्सरचं काम बुधवारी उरक.